बैलाच्या खांद्यावरची हळद

१

जयवंताच्या बैलावरची चादर सुमंत सरांनी ओढली आणि दालनात कुणीतरी मोठ्याने "अरे बाप्पा!" म्हणालं. ते मीच म्हणाले होते, हे सगळे माझ्याकडे बघायला लागल्यावर मला कळलं.

बैल आडवा पडला होता. दोन्ही शिंगं बुडापासून मोडलेली. पुढचा एक पाय सांध्यातून निखळून बाजूला. काल हाच बैल मान किंचित वळवून असा उभा होता, की आत येणारा प्रत्येक जण नकळत जरा लांबून जायचा. न जाणो, ढुशी मारली तर!

नागपूरला समुद्र नाही, म्हणून आम्ही तलावाला सागर म्हणतो आणि त्याच्या काठाला चौपाटी. आमच्या रायसागरची चौपाटी म्हणजे भुट्ट्याच्या गाड्या, पाण्यात पाय सोडून बसलेली पोट्टी, आणि मागे ती मोठी बाग. बागेत गुलाबाचे वाफे आहेत, कमळाचं कुंड आहे आणि दोन कलादालनं आहेत. एक चित्रांचं, एक लाकूडकामाचं. लाकडाच्या दालनात दर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असणाऱ्या पोरांच्या पोळ्याला, शाळकरी मुलांनी स्वतः घडवलेल्या लाकडी बैलांची स्पर्धा असते. पहिला आलेला बैल दाराशी काचेच्या कपाटात कायमचा राहतो, आणि त्याच्या मालकाला दालनाच्या रविवारच्या कोरीवकाम वर्गात दहावीनंतरही शिकता येतं.

बाकीच्यांसाठी ती हौस. जयवंतासाठी नाही. ती रामटेकजवळच्या खेड्यातली, नागपुरात मामाकडे राहून शिकणारी मुलगी. मामाने तिला सांगून टाकलं होतं, "वर्गात लागली तं राह्यजो. नाई तं दहावी झाली का घरी." हे तिने मला काल सांगितलं होतं, आणि सांगताना हसली होती, कारण तिचा बैल बघितल्यावर ती हरेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तिलासुद्धा.

आता ती मोडका पाय हातात घेऊन जमिनीवर बसली होती. तिचे आजोबा, बापूजी, भिंतीला टेकून उभे. रडत कुणीच नव्हतं.

सुमंत सर दालनाचे प्रमुख. ते वाकले. "हे खांद्यावर पिवळं काय आहे? रंग उडालाय का?"

आणि मी, जी गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायची, ती मी आजकाल विचारायच्या आधीच बोलते. वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून तर मला थांबवणं अवघड आहे. मी खणखणीत आवाजात माहिती दिली, "सर, ती हळद आणि तूप. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते ना! वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे दुखतात म्हणून चोळतात. उद्या जेवायला या असं आवतण देतात. फक्त शेतीवाल्या घरात करतात हे, शहरातल्यांना माहीत नसतं."

मागून कुणीतरी माझी ओढणी ओढली. पप्पा. मला सोडायला आले होते. मला वाटलं, हळू बोल असं सांगतायत.

सरांनी बोटाने डाग टिपला. "ओली आहे. रंगाच्या वर आहे. म्हणजे बैल इथे मांडल्यावर लावली." ते उभे राहिले. "आपल्या बैलाला आपणच लावणार ना? याचा अर्थ, शेवटचा हात याच्या घरच्यांचाच."

"आमी नाई लावली," जयवंता म्हणाली.

"मग कुणी? मुग्धाने आत्ता सांगितलं ना, हे कोण करतं ते." सरांचा आवाज मऊ होता, तेच जास्त वाईट. "पाय आधीच सैल असेल. पडला, मोडला, मग घाबरून झाकून ठेवलं. होतं असं. पण समितीसमोर खरं सांग. खोटं बोलणाऱ्या मुलीला मी वर्गात घेऊ शकत नाही."

जयवंताने सरांकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

२

म्हणजे तिला मी अडकवलं होतं. माझ्या खणखणीत आवाजाने. तेव्हा तिथल्या तिथे मी ठरवलं की सोडवणारही मीच. खरं सांगते, मनात थोडी गंमतही वाटली. खरोखरचं रहस्य, माझ्या वाट्याला!

आधी काल काय झालं ते आठवलं.

काल संध्याकाळी सगळ्यांनी आपापले बैल आणून मांडले. गौरांगच्या बैलाच्या डोळ्यांत लाल दिवे होते आणि शेपटी रिमोटने हलत होती. माझ्या बैलाचं तोंड मला जमलं नव्हतं. पप्पा सोडून सगळ्यांना तो बोकड वाटला. पण त्याच्या पाठीवरच्या झुलीवर मी अख्खा रायसागर रंगवला होता, भुट्ट्याच्या गाड्यांसकट. परीक्षक बाई म्हणाल्या, "झूल पहिल्या नंबरची आहे गं." मग त्या जयवंताच्या बैलापाशी गेल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. मला तेव्हाच कळलं.

पप्पांनी डिकीतून स्टीलची डबी काढली आणि भर दालनात माझ्या बैलाची खांदशेकणी केली. तुपात हळद, आणि त्यात चुरडलेली संत्र्याची पानं. आमचं घर काटोलचं, संत्र्याचं. आजोबा तसं करायचे म्हणून पप्पाही करतात; दुसऱ्या कुणाकडे मी असं बघितलेलं नाही.

"पप्पा, लाकडाचा आहे तो!"

"लाकडाचा असला तरी बैलच हाये," ते म्हणाले आणि माझ्या बोकडाच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गौरांग खो खो हसला. दोन वर्षांपूर्वी मी मेले असते लाजेने. काल मीही हसले.

मग लाइट गेली. विश्वनाथ काकांनी, म्हणजे तिथल्या चौकीदारांनी, सगळ्यांना बाहेर काढलं. अंधारात कुणाचा धक्का लागायला नको. आम्ही चौपाटीवर गेलो. पलीकडच्या वस्तीत मारबतीच्या, म्हणजे गावची इडापिडा वाहून नेणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीसाठी ढोल घुमत होते, कान फुटतील असे. पप्पांनी मला भुट्टा आणून दिला. लिंबू-मीठ चोळलेला, पण लिंबापेक्षा जरा वेगळाच वास होता त्याला. भूक लागली होती, खाल्ला.

लाइट काही आली नाही. शेवटी सर आणि विश्वनाथ काका टॉर्च घेऊन आत गेले, धूळ बसू नये म्हणून प्रत्येक बैलावर चादर टाकायला. जे आधीच झाकलेले दिसले, ते त्यांनी उघडून बघितले नाहीत. मग कुलूप.

म्हणजे जे झालं ते त्या अंधारात झालं. आणि करणारा आमच्यातलाच होता.

३

पहिला संशय अर्थात गौरांगवर. तो कमळाच्या कुंडापाशी मोबाइल घेऊन बसला होता.

"तूच केलंस," मी म्हटलं. गुप्तहेराने असं एकदम अंगावर जायचं असतं, असा माझा समज होता.

"पागल झाली का? माझ्या बैलात ब्लूटूथ आहे. मला कशाला कुणाचा बैल तोडायला लागतो?"

"तिचा जिंकणार होता."

"हो, पण तिचा नसता तर तुझा जिंकणार होता, माझा नाही. परीक्षक बाईंनी माझ्या बैलाला खेळणं म्हटलं." तो खरंच दुखावलेला वाटला. "आणि मी बाहेर होतो. हे बघ, रील."

रील जेमतेम क्षणभराची. अंधारी चौपाटी, गाडीवरचा निखारा, त्याचा फोन गोल फिरतोय. सुमंत सर वीज कंपनीवर फोनवर ओरडतायत. तलावाच्या कठड्यावर जयवंता आणि बापूजी पाठमोरे. मी रिकाम्या हाताने नाचतेय, ढोलाच्या तालावर. इतर मुलं, त्यांच्या आया.

"सगळे आहेत," मी निराश होऊन म्हटलं.

"सांगितलं ना. आणि ए, ते पिवळं खरंच हळद होतं का? मला वाटलं कुणी मॅगीचा मसाला सांडला."

याला खांदशेकणी स्वप्नातही सुचली नसती. गौरांग बाद.

विश्वनाथ काका दालनाच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते. ते कामठीचे, घरी सगळे पॉवरलूमवर. बैल त्यांनी रस्त्यात बघितला तेवढाच.

"काका, अंधारात आत कोण गेलं?"

"कोनीच नाई. मी इथंच होतो."

"दार?"

"वढून घेतलं होतं. कुलूप नंतर."

"तुम्ही क्षणभरही उठला नाहीत?"

"काहून उठू? आत कोनीच नाई गेलं बाई. चपला राह्यल्या, छत्री राह्यली म्हणून कोनी वळले असतील तं तेवढंच. त्यायले काय चोर म्हणू?" मग ते पुढे वाकले. "तू एवढी पोलीस काहून बनून राह्यली? सरायनं तं निकाल लावून टाकला."

"चुकीचा लावला."

"बाप्पा! मागच्या साली इथंच बापाच्या मागं लपत होती, बोल म्हटलं तरी बोले नाई. आता पाहा."

मला ते फार आवडलं. इतकं, की आधीच्या वाक्यात त्यांनी काय सांगितलं हे मी ऐकूनही ऐकलं नाही.

सुमंत सर खोलीत चहा घेत होते. रील दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली.

"अंधार बराच वेळ होता, मुग्धा. ही त्यातली एक झलक."

"पण सर, तुम्हाला तरी काय माहीत की..."

"मला काहीच माहीत नव्हतं. खांदशेकणी हा शब्द मी आज तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत." ते हसले. "तू चांगलं निरीक्षण केलंस. बरं, उद्या मोठ्यांदा बोलायची तयारी ठेव. बहुतेक तुझंच नाव आहे."

माझं नाव. आधी आनंद झाला, आणि लगेच जयवंताची ती नजर आठवली.

४

जयवंता बैलाचे तुकडे गोळा करत होती. मी जाऊन शेजारी बसले.

"कायले आली?" ती म्हणाली. "अजून काही सांगाचं राह्यलं का सरायले?"

"चुकलं माझं. पण मदत कर ना. तुम्ही हळद लावली नाही म्हणतेस. मग तुमच्याकडे खांदशेकणी कधी केली?"

"केलीच नाई."

"का? पोळा आहे ना?"

उत्तर बापूजींनी दिलं. ते अजूनही भिंतीशीच होते. "हिची आजी गेली, चैतात. वर्स नाई झालं. आमच्या घरी औंदा पोया नाई, पुरणपोयी नाई, हळद नाई. गोठ्यातल्या खऱ्या बैलायचे खांदे शेजारच्यानं शेकले. मंग या लाकडाच्याले मी हळद लावीन का?"

मी पुन्हा बैलाकडे बघितलं. आणि आता दिसलं: जयवंताचा बैल उघडाबोडका होता. झूल नाही, घुंगरू नाही, कुंकवाचं बोट नाही. कालपासून मला वाटत होतं की ती तिची कलाकारी. तो दुखवटा होता. साधं लाकूड, आणि नाकात सुताची वेसण तेवढी.

"वेसण कुठे आहे?"

जयवंताने दाखवली. वेसण तुटलेली नव्हती, कापलेलीही नव्हती. गाठ सोडवून काढलेली, नीट गुंडाळलेली, आणि बैलाच्या मानेखाली ठेवलेली. उशीसारखी.

मी विचार करायला लागले, पहिल्यांदा खरंखुरं. रागाने मोडणारा गाठ सोडवत बसत नाही. मत्सराने मोडणारा खांदा चोळत नाही. ज्याने हे केलं त्याला बैल मोडायचा होता आणि बैलाची माफीही मागायची होती. तो शहरातला नव्हता. बैलाला हात लावण्याआधी त्याची दोरी सोडायची, हे ज्याच्या हातात लहानपणापासून मुरलंय, असा कुणीतरी. आणि त्याच्याजवळ काल संध्याकाळी, त्या दालनात, तूप-हळद होती.

दालनात तूप-हळद कुणाकडे होती?

मी वाकले. बैलाच्या खांद्याला नाक लावलं.

"काय करून राह्यली वं?" जयवंता म्हणाली.

खूप दिवसांनी मला पुन्हा बोलता येत नव्हतं. तुपाच्या खाली, हळदीच्या खाली, चुरडलेल्या संत्र्याच्या पानांचा वास होता. काल तोच वास माझ्या भुट्ट्याला होता.

५

घरी पोळ्याची गडबड. मम्मी पुरण वाटत होती. पप्पांनी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावल्या होत्या, दरवर्षीसारख्या. मी गाडीची डिकी उघडली. डबी तिथेच होती, आणि तिच्याखाली काळी छत्री.

छत्री. काल पाऊस नव्हताच; पण राहिलेली छत्री घ्यायला वळलेल्या माणसाला विश्वनाथ काकांनी 'आत गेला' म्हणून धरलंच नव्हतं. रीलमध्ये मी रिकाम्या हाताने नाचत होते, कारण भुट्टा आणणारा अजून आला नव्हता. मी 'सगळे आहेत' म्हटलं, कारण पप्पांना मी मोजलंच नव्हतं. कोण मोजतं आपल्या बापाला?

पप्पा मागे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की सकाळी ओढणी का ओढली होती.

"मुग्धे," ते म्हणाले.

"मोडला का?"

"आत चाल. मम्मी ऐकन."

"मोडला का तुम्ही?"

ते गाडीच्या सीटवर टेकले. माझे पप्पा, वसंतराव, जिल्ह्याच्या कचेरीत सगळ्यांची कामं करून देणारे, ज्यांनी आयुष्यात सिग्नलसुद्धा तोडला नाही.

"काटोलवरून आलो तवा तू नववीत बी नव्हती," ते म्हणाले. "पोट्टे तुह्या बोलण्याले हसत. तू 'मले', 'तुले' म्हणे, म्हणून. शाळेतून येऊन दार लावून घेत होती तू. दोन वर्सं. मी दाराच्या भाईर बसून राहे, तुले माहीत बी नाई. मंग औंदा तू बोलाले लागली. भाषण केलं. काल त्या बाईनं झूल पाहून तुले चांगलं म्हटलं, तं तुह्या तोंडावर काय आलं होतं! अन् मंग त्या पोरीचा बैल पाह्यला. तुहं तोंड उतरलं. मले वाटलं, गेली. परत दार लावून घेते आता."

"म्हणून?"

"एक वेळा जिंकू दे म्हटलं. एकच वेळा."

"पप्पा, माझं तोंड उतरलं होतं कारण तिचा बैल खरंच चांगला होता. एवढंच. मी दार लावून घेणार नव्हते."

ते सीटची शिवण नखाने उकरत राहिले.

"तुमचा माझ्यावर भरवसाच नव्हता."

हे ऐकून ते असे बसले, जसं कुणी पाठीवर गोणी टाकली. मग हळूच म्हणाले, "उद्या बक्षीस घे. मंग आपण त्या पोरीसाठी काही करू. मी मामाले भेटतो तिच्या. कोनाले सांगू नको, बाई. ऑफिसात, कॉलनीत... तोंड दाखवाले जागा नाई राह्यणार."

"आणि ती खोटारडी म्हणून घरी जाईल?"

आतून मम्मीने हाक मारली, पुरणपोळी गरम आहे. आम्ही दोघं जेवायला बसलो. मम्मीने विचारलं, आज एवढे गप्प का, सण आहे. पप्पा म्हणाले, उकडून राह्यलं.

६

दुसऱ्या सकाळी दारच्या पळसाच्या फांद्या काढून वेशीबाहेर टाकायच्या असतात. टाकताना ओरडायचं, रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत. शहरभर तोच गजर. पप्पा दरवर्षी सगळ्यात मोठ्याने ओरडतात, शेजारी हसतात. यंदा त्यांनी फांद्या टाकल्या आणि मुकाट्याने हात धुतले.

संध्याकाळी रायसागरच्या बागेत मांडव, झेंडूच्या माळा, सजवलेले बैल दोरीने ओढत आलेली छोटी छोटी पोट्टी, फेटे बांधलेली. जयवंताचा बैल शेवटच्या टेबलावर, तुकड्यांत. तिला न्यायला मामा आला होता. तिची पिशवी भरलेली दिसत होती.

"प्रथम क्रमांक," सुमंत सर माइकवर म्हणाले, "कुमारी मुग्धा."

टाळ्या. मी स्टेजवर गेले. सरांनी हातात मानचिन्ह दिलं आणि कौतुकाने माइक पुढे केला. त्यांना वाटलं, आभार.

मी समोर बघितलं. पप्पा मागे, गुलमोहराखाली, छत्री धरून. मला वाटलं होतं, भाषणासारखं बोलेन, शुद्ध, तयारी केलेलं. तोंडातून आलं ते घरचं.

"हा बैल जयवंतानं नाई मोडला. तिच्या घरी दुखवटा हाये, तिनं हळद लावलीच नाई. ती हळद आमच्या घरची हाये. तिच्यात संत्र्याचा पाला हाये, हुंगून पाहा. मी काल सांगितलं का फक्त शेतीवाले लावते. ते खरं हाये. मी बी शेतीवाल्याचीच पोरगी हाये."

कुणी हसलं नाही. गौरांगसुद्धा नाही. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज पडली नाही. माणसं आपोआप मागे वळून बघायला लागली, आणि पप्पा गुलमोहराखालून निघून पुढे चालत आले. पळून जातील असं मला क्षणभर वाटलं होतं. तसं वाटलं, याचंही वाईट वाटलं.

ते बापूजींसमोर थांबले. हात जोडले.

बापूजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग अगदी साधेपणाने विचारलं, जसं बाजारात भाव विचारावा. "मोडून मंग खांद शेकला गा, का पयले शेकला?"

पप्पा म्हणाले, "पयले शेकला."

बापूजींनी मान हलवली. "म्हंजे तुले समजत होतं."

तेवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले, आणि बापूजी जयवंताचा हात धरून टेबलाकडे गेले.

मी मानचिन्ह जयवंताला द्यायला गेले. तिने घेतलं नाही. "माह्या बैलाले मिळालं तं घेईन," ती म्हणाली. "तुह्या हातानं नाई."

मग परीक्षक बाईंनी सरांशी बाजूला जाऊन बराच वेळ वाद घातला. आवाज आमच्यापर्यंत येत होता. मोडका बैल कपाटात कसा ठेवायचा, असं सर म्हणत होते. शेवटी बाई जिंकल्या. जयवंता पहिली. ती नागपुरात राहिली.

बापूजींनी पाय पुन्हा बसवून दिला, पण शिंगं जोडली नाहीत. सर म्हणाले, निदान खांद्यावरचा तो पिवळा डाग तरी पुसू, वाईट दिसतो. जयवंता म्हणाली, राहू द्या.

आता तो बैल लाकडाच्या दालनात दाराशीच आहे. काचेआड, बिनशिंगांचा, मान किंचित वळवलेली. अजूनही लोक नकळत जरा लांबून जातात. जयवंता रविवारी येते, वर्गात जाते. समोरासमोर आलो तर ती मान हलवते, थांबत नाही.

पप्पा मला गाडीवर सोडतात आणि बागेच्या आत येत नाहीत. चौपाटीच्या कठड्यावर तलावाकडे तोंड करून बसतात, हातात ती छत्री. घरी आम्ही बोलतो. शाळा, भाजी, मॅच. कॉलनीत लोक त्यांना नमस्कार करतात, पण आधी इकडेतिकडे बघून. माझं दार उघडं असतं. आता त्यांच्या खोलीचं बंद असतं.

मी दरवेळी त्या कपाटापाशी थांबते. काचेतून वास येत नाही, मला माहीत आहे. तरी कुणी बघत नसलं की मी काचेला नाक लावून बघते.